मांजराची ॲलर्जी आहे आणि मांजरही हवंय: काय काय करायचं, कुठल्या क्रमाने

सुंठ्या आमच्याकडे आला तेव्हा जेमतेम दीड महिन्याचा होता. जुलैचा पाऊस, बिल्डिंगच्या मीटर बॉक्सखाली भिजून बसलेला, आणि आवाज एवढा की तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होता. आज तो चार वर्षांचा आहे, डोंबिवलीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये आमच्यासोबत राहतो आणि मी रात्री नीट झोपते. पण पहिले पाच महिने फार वाईट गेले. सकाळी उठल्याबरोबर पंधरा-वीस शिंका, डोळे सुजलेले, आणि नंतर नंतर रात्री छातीत शिट्टी वाजायला लागली. ज्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले त्यांनी दोन मिनिटांत "मांजर सोडून द्या" म्हणून गोळ्या लिहून दिल्या. घरचे तर आधीपासून तेच म्हणत होते.

कोणीही मला हे सांगितलं नाही की यात एक क्रम असतो. मी आधी हवा गाळणारा महागडा प्युरिफायर घेतला, मग मांजराला अंघोळी घातल्या, आणि जे फुकटात होण्यासारखं होतं ते सगळ्यात शेवटी केलं. म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. मांजर घरात आहे तोपर्यंत त्याचं ॲलर्जन (ज्याच्यामुळे ॲलर्जी होते तो पदार्थ) शून्यावर येणार नाही. आपल्याला ते एवढं कमी करायचंय की आपलं शरीर ते सोसेल. त्यामुळे एकच मोठा उपाय शोधत बसू नका, चार-पाच छोट्या गोष्टी एकत्र केल्या की फरक पडतो.

१. सगळ्यात आधी श्वास बघा

नाक, डोळे, अंगाला खाज हा एक भाग झाला आणि छाती हा वेगळा. बोलताना धाप लागणं, रात्री खोकल्याने जाग येणं, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, छाती आवळल्यासारखी वाटणं, यातलं काहीही होत असेल तर खालच्या पायऱ्या नंतर, आधी छातीच्या डॉक्टरांकडे जा. हा दमा असू शकतो आणि दम्यात "बघू, होईल सवय" हे चालत नाही. मला स्वतःला वाटायचं की रोज मांजरासोबत राहून राहून शरीराला सवय होईल. काही लोकांचा त्रास कमी होतो हे खरं, पण बऱ्याच जणांचा हळूहळू वाढतो आणि आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही.

घरात लहान मूल असेल आणि त्याला दमा असेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांजर आणूच नका. मांजरावर माझं कितीही प्रेम असलं तरी हे मी अगदी स्पष्ट सांगते.

दमा निघालाच तर डॉक्टरांना विचारून एक पीक फ्लो मीटर घ्या, साधी प्लास्टिकची नळी असते ती, जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा. तुमचा सगळ्यात चांगला आकडा माहीत झाला की त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक, ५० ते ८० च्या मध्ये असाल तर डॉक्टरांनी आखून दिलेला प्लॅन सुरू करायचा, ५० च्या खाली गेला तर थेट हॉस्पिटल. मला या आकड्यांमुळे खूप धीर आला कारण "आज बरं वाटतंय की भास आहे" हा रोजचा घोळ संपला.

२. हे केसांमुळे होत नाही, हे नीट समजून घ्या

आपल्याकडे सगळे म्हणतात "मांजराचे केस नाकात जातात". त्रास देणारी गोष्ट म्हणजे एक प्रोटीन, त्याला फेल डी वन म्हणतात, आणि ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींमध्ये तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटत असतं, लाळ केसांवर वाळते, मग तिचे आणि कोंड्याचे अगदी बारीक कण सुटून हवेत जातात. हे कण इतके हलके असतात की तासन् तास हवेत तरंगतात, आणि चिकट एवढे की कपडे, सोफा, पडदे, अगदी भिंतींवरसुद्धा बसतात. म्हणूनच ज्याच्या घरी मांजर नाही अशा माणसालाही मांजरवाल्याच्या शेजारी लोकलमध्ये बसून शिंका येऊ शकतात.

हे कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुटतात. मांजराचे केस कापून उपयोग नाही, कारण लाळ तशीच राहते. "या जातीच्या मांजराची ॲलर्जी होतच नाही" असं सांगून कोणी महागडं पिल्लू विकत असेल तर विश्वास ठेवू नका, पूर्ण ॲलर्जी-फ्री अशी कुठलीच जात नाही. मांजरामांजरात फरक असतो हे मात्र खरं, एकाच्या घरी डोळे लाल होतात आणि दुसऱ्याच्या घरी काहीच होत नाही असं होऊ शकतं.

३. खरंच मांजरच आहे का ते तपासा

इथे खूप लोक फसतात. आपल्या हवेत, त्यातून मुंबई-ठाणे-कोकण पट्ट्यात, धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे), झुरळं आणि भिंतीची बुरशी या तिन्ही गोष्टी घरोघरी असतात आणि तिन्हींची ॲलर्जी होते. मांजर आणल्यावर त्रास वाढला म्हणजे एकटं मांजर दोषी असं नाही. माझ्या टेस्टमध्ये मांजर निघालंच, पण माइट्स त्याहून जास्त निघाले! म्हणजे नुसतं मांजर दिलं असतं तरी मी शिंकतच राहिले असते.

टेस्ट दोन प्रकारच्या. एक स्किन प्रिक, हातावर थेंब ठेवून सुईने हलकं टोचतात आणि १५-२० मिनिटांत कुठे गांधी उठते ते बघतात. दुसरी रक्ताची, स्पेसिफिक आयजीई, म्हणजे ठरावीक गोष्टीविरुद्ध शरीराने तयार केलेली अँटिबॉडी मोजणारी. लॅबमध्ये "टोटल आयजीई" वेगळं असतं, ते जास्त आलं तरी कशाची ॲलर्जी आहे ते कळत नाही, म्हणून चिठ्ठीवर काय लिहिलंय ते नीट बघून घ्या.

स्किन टेस्टच्या आधी साधारण ५ ते ७ दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायला लागतात, नाहीतर गांधी उठतच नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. नेमके किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. दम्याचा इन्हेलर मात्र मनाने बंद करू नका.

डॉक्टरकडे जाताना हे सोबत न्या:
- दोन आठवड्यांची वही: कधी त्रास झाला, कुठे होतात, काय करत होतात (झाडत होतात, मांजर मांडीवर होतं, ऑफिसमध्ये होतात)
- जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं, नावं आठवत नाहीत ऐनवेळी
- अंगावर उठलं असेल तर त्याचे फोटो, कारण जाईपर्यंत ते बसलेलं असतं
- घरात आई-वडील, भावंडांना दमा किंवा इसब असेल तर ती माहिती

आणि हो, अंगावरची प्रत्येक खाज ॲलर्जी नसते. गोल चट्टा, कडेने लाल आणि मधे फिकट असेल तर ते गजकर्ण असू शकतं, पिल्लांकडून पटकन लागतं. घोट्याभोवती बारीक लाल पुळ्या असतील तर पिसवा चावल्या असतील. या दोन्हींचा इलाज वेगळा आहे, मांजराला व्हेटकडे आणि स्वतःला स्किनच्या डॉक्टरकडे न्यायचं.

४. मांजर अजून आणलं नसेल तर घाई करू नका

ज्या मांजराला घेणार आहात त्याच मांजरासोबत वेळ घालवा, दुसऱ्याच्या मांजराने काही झालं नाही यावरून अंदाज बांधू नका. एकदा जाऊन अर्धा तास बसलं की झालं असंही नाही, काही लोकांना त्रास आठवड्यांनी सुरू होतो. सगळ्यात चांगलं म्हणजे तीन-चार आठवडे फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं, ठेवा, रेस्क्यू करणाऱ्यांना फॉस्टर घरं नेहमीच हवी असतात आणि आधीच खरं सांगितलं की मला ॲलर्जी आहे, जमलं नाही तर परत देईन, तर कोणी वाईट मानत नाही. तेवढ्या दिवसांत गोळी खाऊन त्रास दाबू नका, नाहीतर काहीच कळणार नाही. फक्त दम्याची औषधं चालू ठेवा.

५. झोपायची खोली बंद

मला एकच पायरी सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन. आपण दिवसाचे सात-आठ तास तिथे असतो, तोंड उशीत असतं, आणि ती एक खोली स्वच्छ राहिली तर शरीराला रोज तेवढी विश्रांती मिळते.

मांजर बेडरूममध्ये नाही म्हणजे अजिबात नाही. "दिवसा झोपू दे, रात्री काढते" याला अर्थ नाही, कारण त्याने दिवसभरात गादीवर ठेवलेलं तुम्ही रात्रभर हुंगणार. पहिले आठ-दहा दिवस सुंठ्या दाराशी ओरडत होता, दार खरवडत होता, आणि मी आत रडत होते. झोपायच्या आधी त्याच्याशी दमेपर्यंत खेळायचं आणि मग खायला द्यायचं असं सुरू केलं, बाहेर हॉलमध्ये खिडकीजवळ उंचावर त्याची जागा केली, मग हळूहळू थांबला. एक दिवस जरी दार उघडलंत तरी पहिल्यापासून सुरुवात, म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा.

वन रूम किचन असेल तर दार बंद करणं शक्यच नसतं हे मला माहीत आहे. मग निदान पलंग वाचवा. दिवसभर पलंगावर जुनी चादर पूर्ण पसरून ठेवायची आणि झोपताना ती अलगद गुंडाळून धुण्यात टाकायची.

बेडरूममध्ये करायच्या बाकीच्या गोष्टी: जाड पडदे काढून धुता येतील असे सुती लावा, गालिचा असेल तर काढा, गादी आणि उशीला झिप असलेलं घट्ट विणीचं कव्हर घाला, चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा धुवा. आणि गोधड्या! आपण गोधडी उन्हात टाकली की स्वच्छ झाली असं धरून चालतो. मांजराचं प्रोटीन उन्हाने जात नाही, ते धुवावंच लागतं. साध्या साबणपाण्याने बऱ्यापैकी निघतं. माइट्सही असतील तर मात्र ६० अंशांच्या आसपासचं गरम पाणी लागतं.

६. बोका असेल तर ऑपरेशन करून घ्या

नसबंदी न केलेला बोका हे प्रोटीन जास्त तयार करतो, ऑपरेशननंतर ते कमी होतं. साधारण ५-६ महिन्यांचा झाला की व्हेटना विचारा. नारिंगी मांजरं बहुतेक बोकेच असतात, आमचा सुंठ्याही तसाच, आणि आम्ही त्याचं केलं तेव्हा घरभर लघवीचे फवारे मारणंही थांबलं. फरक लगेच दुसऱ्या दिवशी दिसत नाही, काही आठवडे जातात. मुंबईत खर्चाची अडचण असेल तर परळच्या बैलघोड्याच्या हॉस्पिटलमध्ये चौकशी करा, बाकी शहरांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे विचारा. सोबत लसीकरणाचं कार्ड लागतं, आणि आदल्या रात्रीपासून किती वेळ उपाशी ठेवायचं ते आधी विचारून घ्या.

७. साफसफाई: कोरडं झाडणं बंद

फुलझाडूने कोरडं झाडलं की जमिनीवर बसलेलं सगळं पुन्हा हवेत. आधी ओल्या मॉपने पुसा, मग हवं तर केर काढा. शक्य असेल तर हे काम ज्याला ॲलर्जी नाही त्याने करावं, नाहीतर एन-९५ मास्क लावा आणि खिडक्या उघडा. पंख्याची पाती ओल्या फडक्याने, एसीची जाळी दर दोन आठवड्यांनी, भिंतीचा खालचा कमरेपर्यंतचा भाग महिन्यातून एकदा पुसा, मांजर तिथेच अंग घासत जातं. सोफा कापडी असेल तर धुता येणारं कव्हर घाला. व्हॅक्युम घेणार असाल तर हेपा फिल्टरचाच (अगदी बारीक कणही अडवणारा) घ्या, साधा व्हॅक्युम मागच्या बाजूने बारीक धूळ परत बाहेर फेकतो.

लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालतात ते, तेही बघा. मातीचं स्वस्त लिटर ओतताना धुराळा उठतो आणि आधीच हुळहुळलेल्या नाकाला तो सोसत नाही. टोफू लिटर किंवा लाकडाच्या गोळ्यांचं चांगलं पडतं.

आता हे लक्ष देऊन वाचा, कारण यात मांजराचा जीव जाऊ शकतो. घर निर्जंतुक करायच्या नादात फरशीला फिनाइल वापरू नका. मांजर त्यावरून चालतं, पाय चाटतं, आणि त्याच्या लिव्हरला ते पचत नाही. पाण्यात टाकलं की दुधाळ पांढरं होणारं डेटॉलसारखं जंतुनाशकही नको. कपाटातल्या डांबरगोळ्या त्याचा पंजा पोचणार नाही अशा जागी ठेवून भागवू नका, सरळ काढूनच टाका. टी ट्री ऑइल, निलगिरीचं तेल डिफ्युझरमध्ये टाकून "हवा शुद्ध" करायचा सल्ला मिळेल, तोही नको. साधं पाणी आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो, नंतर एकदा नुसत्या पाण्याने पुसा. तुमच्या सर्दीच्या गोळ्याही जमिनीवर पडू देऊ नका, त्यात बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं आणि मांजरासाठी ते विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

८. मांजराला हाताळताना

अंघोळीने ॲलर्जन कमी होतं, पण दोन-तीन दिवसांत पुन्हा होतं तेवढंच. आठवड्यातून दोनदा अंघोळ घालणं मी महिनाभर केलं, सुंठ्या मला बघून पलंगाखाली लपायला लागला, आणि मला फारसा फरक पडला नाही. त्यापेक्षा रोज ओल्या मऊ फडक्याने पुसा. विंचरायचं ते घरातल्या दुसऱ्या माणसाने, बाल्कनीत, जाळी लावलेली असेल तरच.

हात लावल्यावर साबणाने हात धुवेपर्यंत डोळ्यांना हात नाही. चाटलं किंवा नख लागलं की तिथे लाल रेघ फुगून येते अनेकांना, ती जागा धुवून टाका. मांजरासोबत बसायचे कपडे वेगळे ठेवा, मी एक जुना कुर्ता ठेवलाय, तो घालून बेडरूममध्ये जात नाही. नख खोल लागलं किंवा चावलं तर तो ॲलर्जीचा विषय नाही, १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा.

परदेशात असाल तर अजून एक पर्याय: २०२० पासून अमेरिकेत अंड्यातल्या अँटिबॉडीज घातलेलं कॅटफूड मिळतं, ते मांजराच्या लाळेतलं हे प्रोटीन निकामी करतं. कंपनीच्या अभ्यासात रोज खायला दिल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून सरासरी ४७ टक्के घट आली होती. सरासरी म्हणजे प्रत्येक मांजरात सारखा फरक पडेल असं नाही.

९. औषधं: काय विचारायचं आणि काय टाळायचं

मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली घ्या हे सांगत नाही, पण या गोष्टी आधी माहीत असत्या तर माझे महिने वाचले असते.

नाकाचा स्टेरॉइड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन वगैरे) एक-दोन दिवसांत सोडून देऊ नका. पूर्ण परिणाम यायला दोन आठवडेसुद्धा लागतात आणि तो रोज मारला तरच काम करतो. मारताना डोकं किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. मी सरळ मधे मारत होते म्हणून नाकातून रक्त यायचं.

नाक झटकन मोकळं करणारे केमिस्टकडचे ड्रॉप्स वेगळे, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे. हे तीन ते पाच दिवसांवर वापरले की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्यातच अडकतो. डोळ्यांचे स्टेरॉइड ड्रॉप्सही स्वतःच्या मनाने घेऊ नका, डोळ्यातला दाब वाढू शकतो.

गोळ्यांमध्ये सेटिरिझिनने अनेकांना झोप येते, फेक्सोफेनाडिनने सहसा कमी येते, स्कूटर चालवत असाल तर हे डॉक्टरना आवर्जून सांगा. आपल्याकडे मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन एकत्र असलेली गोळी सर्रास लिहून देतात. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासपणा, आत्महत्येचे विचार असं होऊ शकतं, आणि अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा लावलाय. गोळी सुरू झाल्यावर मन बिघडलंय असं वाटलं तर "टेन्शन असेल" म्हणून सोडून देऊ नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

जलनेतीने मला खूप आराम पडतो, मांजरासोबत संध्याकाळ घालवल्यावर करते. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच, नळाचं थेट कधीच नाही, आणि मीठही मोजून.

एवढं करूनही भागत नसेल तर इम्युनोथेरपीबद्दल विचारा, म्हणजे ॲलर्जनचाच थोडा थोडा डोस देऊन शरीराला सवय लावणं, त्वचेखाली इंजेक्शन किंवा जिभेखाली थेंब. ३ ते ५ वर्षं लागतात, इंजेक्शननंतर अर्धा तास क्लिनिकमध्येच थांबावं लागतं, आणि दमा आटोक्यात नसेल तर सुरू करत नाहीत.

१०. प्युरिफायर शेवटी

घ्यायचा तर बेडरूमसाठी घ्या आणि हेपा असलेलाच. खोलीचं गणित असं: १० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जायला हवी, म्हणजे सीएडीआर (मशीन किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) ताशी निदान १६० घनमीटर. खोक्यावर हा आकडा असतो. आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) असेल तर बंद ठेवा, काही मशीन त्यातून ओझोन सोडतात आणि छातीला तो वाईट. एक लक्षात घ्या की हे मशीन हवेतलं ओढतं, गादीत आणि सोफ्यात बसलेलं नाही.

अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल खोलीत लावत असाल तर प्युरिफायर घ्यायच्या आधी ते बंद करून बघा. माझा सकाळचा खोकला देवघरातल्या धुपामुळे होता, आता आई फक्त निरांजन लावते.

११. पावसाळ्याचे चार महिने

खिडक्या बंद, कपडे घरात वाळत घातलेले, भिंतीला ओल आणि मांजर दिवसभर आत. सगळं एकदम वाढतं. जूनच्या आधीच मोठे पडदे, सोफ्याची कव्हरं, गोधड्या धुवून वाळवून घ्या, कारण नंतर वाळणार नाहीत. स्प्रे कधी सुरू करायचा ते डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून ठेवा. पाऊस थांबला की अर्धा तास तरी खिडक्या उघडा, जाळी लावून.

१२. आणि तरीही द्यावंच लागलं तर

कधी कधी सगळं करूनही छाती ऐकत नाही. माझ्या एका मैत्रिणीने दोन वर्षं प्रयत्न करून मांजर मावशीकडे दिलं, आणि तिने बरोबरच केलं. फक्त मासळी बाजारात किंवा दुसऱ्या सोसायटीत नेऊन सोडू नका. घरात वाढलेलं मांजर तिथे टिकत नाही, बाकीची मांजरं त्याला मारतात, रस्ता त्याला माहीत नसतो. घर शोधा, महिना लागला तरी चालेल, तोपर्यंत बेडरूम बंद आणि औषधं चालू. देताना लसीकरणाचं कार्ड, जंत पाडायच्या औषधाची तारीख, पंधरा दिवस पुरेल एवढं त्याच्या सवयीचं खाणं, त्याचं लिटर आणि तो ज्यावर झोपायचा ती न धुतलेली चादर द्या, वासाने तो तिथे लवकर रुळतो.

मांजर गेल्यावर आठवड्याभरात बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. घरातलं ॲलर्जन खाली यायला चार ते सहा महिने लागतात, तोवर पुसणं आणि धुणं तसंच चालू ठेवायचं, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोपर्यंत स्प्रेही.